वस्तूंचा शेजार

लाल कांदा, वाळक्या मिरच्या, पितळेचा खलबत्ता, झिलई दिलेले चंबू आणि मातीच्या शेगडीवर तापत ठेवलेलं पसरट भांडं. एवढं वाचून कुणालाही वाटेल की घाटावरच्या एखाद्या घराचं स्वयंपाकघर असणार. प्रत्यक्षात हे सामान आहे स्पेनमधल्या सेव्हिल शहरातलं, चित्र आहे १६१८ सालचं आणि ते बघायला जावं लागतं एडिंबराच्या नॅशनल गॅलरीत. दिएगो वेलाझ्क्वेझनं ही ‘अंडी तळणारी म्हातारी’ रंगवली तेव्हा त्याची विशीही उलटली नव्हती. मिरच्या तिथे कशा, हे कोडं पडायला नको. स्पेनचा अमेरिकेशी चालणारा व्यापार सेव्हिलमधूनच व्हायचा. हाच नवा तिखट पदार्थ पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याला उतरला आणि पुढे आपल्या ठेच्यापर्यंत पोचला.

चित्रात माणसं दोनच. म्हातारीच्या एका हातात अंडं, दुसऱ्या हातात लाकडी चमचा. समोर एक पोरगा, काखोटीला खरबूज, हातात काचेची सुरई. दोघं हातभर अंतरावर आहेत, पण नजरेला नजर नाही. काही बोलणं चाललंय असंही वाटत नाही. मग आपले डोळे आपसूक खाली उतरतात आणि तिथे खरी हालचाल दिसते. भांड्यातल्या अंड्यांचं पांढरं नुकतंच धरू लागलंय. अजून दोन क्षण गेले की ते घट्ट होईल, म्हणजे चित्रकारानं नेमका मधला क्षण पकडलाय. शेजारच्या वाडग्यावर एक सुरी आडवी ठेवलीय. पातं सरळ आहे, पण त्याची सावली वाडग्याच्या खोलगट पोटातून वाकत गेलीय. कितीतरी वेळ त्या सुरीकडे टक लावून बसल्याशिवाय ही सावली कुणाला अशी काढता येणार नाही.

या चित्राचा अर्थ सांगताना बरेच जण अंड्यापासून सुरुवात करतात. अंडं म्हणजे नवा जीव, म्हातारी म्हणजे सरत आलेलं आयुष्य, पोरगा म्हणजे उमलतं वय. चुकीचं नाही, पण एवढ्यासाठी सुरीची सावली वाकवायची गरज नव्हती. मला या चित्राचा भाव त्या सावलीत सापडतो. ज्या निगुतीनं दरबारी चित्रकार राजाच्या अंगरख्याची जर रंगवतो, तीच निगुत इथे एका वाडग्याच्या वाट्याला आलीय. गरिबाघरच्या भांड्याकुंड्यांना दिलेला हा मान बघितला की चित्रातल्या शांततेचा सूरही बदलतो. ती उदास वाटत नाही, कामात गढलेल्या माणसांची वाटते.

स्थिरचित्र वाचताना, म्हणजे माणूस नसलेलं किंवा माणूस दुय्यम असलेलं वस्तूंचं चित्र समजून घेताना, वस्तूचा ठरावीक अर्थ शोधत बसण्यापेक्षा तिचा शेजार बघावा, असं माझं मत आहे. ती कशाला खेटून आहे, कशापासून दूर आहे, उजेड कुणावर पडलाय, टेबलाची कड किती जवळ आहे. एकटं लिंबू काही बोलत नाही.

प्रतीकांच्या कोशावर मी फुली मारतो आहे असं मात्र नाही. काही चित्रं त्याच्याशिवाय उघडतच नाहीत. लंडनच्या नॅशनल गॅलरीत हार्मेन स्टेनवाइकचं १६४० च्या सुमाराचं एक छोटं चित्र आहे, जेमतेम दोन वीत रुंद. टेबलावर कवटी, पुस्तकं, वाद्यं, घड्याळ, जपानी तलवार, एक मोठा शिंपला आणि नुकताच विझलेला दिवा. इथे प्रत्येक वस्तू आपली ठरलेली वाक्यं पाठ करून आलीय. पुस्तकं म्हणजे विद्या, वाद्यं म्हणजे भोग, तलवार म्हणजे सत्ता, घड्याळ म्हणजे सरता काळ, आणि कवटी या सगळ्यांवर शेवटचा शब्द बोलणारी. शिंपला का, हे आज चटकन कळत नाही. त्या काळी हॉलंडमध्ये दूरदेशीचे दुर्मिळ शिंपले म्हणजे श्रीमंतांचा महागडा छंद होता, म्हणून तो संपत्तीच्या खात्यात. स्टेनवाइक शिकला लायडनमध्ये. विद्यापीठाच्या त्या गावात ‘सगळं नश्वर आहे’ असं बजावणाऱ्या चित्रांना चांगली मागणी होती.

गंमत अशी की नश्वरतेचा उपदेश करणारं हे चित्र स्वतः एक चैनीची वस्तू होतं. तलवारीच्या म्यानाची चकाकी, शिंपल्याचा गुलाबी ओठ, पुस्तकांची चुरगळलेली पानं, सगळं इतकं लोभस रंगवलंय की उपदेश ऐकता ऐकता वस्तूंची हावच सुटावी. हे विकत घेणारा व्यापारीही बहुधा दोन्ही मजा एकदमच घेत असणार. इथेसुद्धा चित्राचा भाव ठरतो तो यादीवरून नव्हे. डावीकडून वरून एक तिरका प्रकाशझोत येतो आणि थेट कवटीवर पडतो. चित्राचा डावीकडचा बराच भाग रिकामी भिंत आहे आणि सगळ्या वस्तू उजवीकडे एकमेकींवर रेलून दाटीवाटीनं उभ्या आहेत. ही गर्दी आणि ही रिकामी जागा झाकून बघा, अर्थ तोच राहील, पण पोटात उठणारी हुरहुर जाईल.

त्याच इमारतीत कोश अपुरा कसा पडतो याचाही नमुना आहे. फ्रान्सिस्को द झुर्बारानचं हे चित्र साधारण १६३० चं, वहीच्या पानाएवढं: २१ सेंटिमीटर उंच, ३० सेंटिमीटर रुंद. चांदीची थाळी, तिच्यात पाण्यानं भरलेला पांढरा पेला, थाळीच्या कडेवर एक गुलाबी गुलाब. मागे काळोख. बस्स. कोश उघडला तर उत्तर लगेच मिळतं. पाणी म्हणजे पावित्र्य, गुलाब म्हणजे मारिया, तेव्हा हे कुमारी मातेचं गुणगान. झुर्बाराननं जन्मभर मठांसाठी चित्रं काढली, त्यामुळे हे उत्तर पटण्याजोगंही आहे.

पण त्यानं हीच थाळी, हाच पेला, हाच गुलाब आणखी ठिकाणी वापरलाय. सेव्हिलच्या एका चर्चमधल्या चित्रात रेजिनाल्ड नावाचा साधू आजारी पडलाय, मारिया त्याला बरं करायला आलीय आणि अंथरुणाशेजारच्या टेबलावर हा पेला ठेवलाय. तिथे तो आधी आहे रुग्णाच्या उशापाशी ठेवलेलं पाणी. कुणीतरी काळजीनं भरून ठेवलेलं, आणि ठेवणाऱ्यालाच सुचलेलं एक फूल सोबत. अमेरिकेत पॅसाडिनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात त्याचं १६३३ सालचं मोठं स्थिरचित्र आहे. त्यात डावीकडे लिंबांसारखी पिवळी फळं, मधे परडीत संत्री आणि उजवीकडे पुन्हा तोच पेला, तोच गुलाब. तिघं एका ओळीत, समान अंतरावर, जणू वेदीवर मांडलेली. लंडनच्या चित्रात हा सगळा शेजार काढून घेतलाय. पेला एकटा पडला आणि आता त्याला शेजार आहे तो फक्त काळोखाचा. वस्तू तीच, रंगवणारा हात तोच. आजाऱ्याच्या खोलीत ती माया होते, फळांच्या रांगेत पूजा होते आणि इथे नुसतं एकाग्र होणं. कोशात या तिन्हींसाठी एकच नोंद आहे.

चित्राच्या अगदी जवळ गेलं तर थाळीच्या चांदीत उमटलेलं प्रतिबिंब दिसतं. गुलाबाचा रंग धातूवर थोडा मळकट होऊन उतरलाय. कडेवरचं फूल किंचित जरी घसरलं तरी हे सगळं मोडेल, ही बारीकशी धास्ती त्या शांततेत मिसळलेली आहे. देव्हाऱ्यातल्या तबकात ताजं फूल वाहिलं जाताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आपल्याकडे मात्र चित्रातल्या वस्तूंकडे बघायची सवय वेगळ्याच वाटेनं लागली, आणि तीही ब्रिटनमधूनच आली. शाळेत असताना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांना आठवत असेल: स्टुलावर घडी मोडलेलं कापड, त्यावर बादली किंवा कळशी, पुढे दोन टोमॅटो आणि एक वांगं. गुण कशाला? कळशीच्या तोंडाचं लंबवर्तुळ नीट आलं का, सावली एकाच बाजूला पडली का, कापडाच्या चुण्या खऱ्या वाटतात का. या पठडीचं मूळ लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनमध्ये आहे. १८५० च्या दशकात हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी तिथे चित्रकलेचा २३ पायऱ्यांचा अभ्यासक्रम बसवला. हेतू होता कारखान्यांना बिनचूक हाताचे नक्षीकार पुरवायचा. आधी रेषा, मग छापील नमुन्यांची नक्कल, मग ठोकळे, मग वस्तू. जमशेटजी जीजीभाईंच्या लाखभर रुपयांच्या देणगीतून मुंबईत १८५७ साली कलाशाळा सुरू झाली आणि १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग व जॉन ग्रिफिथ्स तिथे शिकवायला आले, तेव्हा सोबत हीच शिस्त आली. तिनं हात तयार केले, हे मान्यच करायला हवं. पण ही कळशी कुणाची, ती अशी कडेला का ठेवली, भरलेली आहे की रिकामी, हे प्रश्न त्या २३ पायऱ्यांत कुठेच बसत नव्हते.

स्थिरचित्राला कमी लेखायची परंपरा त्याहूनही जुनी. फ्रान्समध्ये आंद्रे फेलिबियाँनं १६६७ साली चित्रविषयांची उतरंड लावली. पुराण-इतिहास सर्वांत वर, फळं-फुलं तळाला. १७६८ मध्ये लंडनला रॉयल अकॅडमी निघाली. तिचा पहिला अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्सचंही मत फारसं वेगळं नव्हतं. संस्थापक सभासदांत दोनच स्त्रिया होत्या आणि त्यांतली एक, मेरी मोझर, फुलांची चित्रं काढणारी. बायकांना नग्न मॉडेलसमोर बसून शिकायची मुभाच नव्हती, त्यामुळे तळाची पायरी बऱ्याच अंशी त्यांच्याकडे गेली.

आता एक सावधगिरीची गोष्ट. चित्राचा सर्वांत बोलका शेजारी बहुतेक वेळा चौकटीबाहेर, भिंतीवर असतो: शेजारची पाटी. लंडनच्या नॅशनल गॅलरीतली व्हॅन गॉगची खुर्ची हे याचं ठळक उदाहरण. लाल फरशीवर एक साधी पिवळी लाकडी खुर्ची, बसायची जागा गवताच्या विणीची, तिच्यावर पाईप आणि तंबाखूचं पुडकं. मागे एका खोक्यात कोंब फुटलेले कांदे, खोक्यावर ‘व्हिन्सेंट’ अशी सही. चित्रकाराचं नाव कळलं रे कळलं की बघणाऱ्याचा चेहरा पडतो. रिकामी खुर्ची, चित्रकार मित्र गोगँशी झालेलं भांडण, कापलेला कान, पुढची आत्महत्या. सगळी शोकांतिका त्या चार पायांवर येऊन बसते.

तारखा बघितल्या तर प्रकरण इतकं सरळ नाही. चित्राला सुरुवात झाली नोव्हेंबर १८८८ मध्ये. तेव्हा गोगँ आर्लमधल्या व्हिन्सेंटच्या घरात राहायला येऊन थोडेच दिवस झाले होते आणि व्हिन्सेंटच्या आशा उंचावलेल्या होत्या. कानाचा प्रकार घडला २३ डिसेंबरला. इस्पितळातून परतल्यावर जानेवारी १८८९ मध्ये त्यानं या चित्रावर पुन्हा हात फिरवला आणि पत्रात तिला आपली रिकामी खुर्ची म्हटलं. म्हणजे एकाच कॅनव्हासवर भांडणाआधीचा आणि नंतरचा, असे दोन व्हिन्सेंट आहेत. शिवाय हे चित्र जोडीतलं आहे. दुसरं, गोगँच्या खुर्चीचं, अॅमस्टरडॅमला असतं. तिथे रात्र आहे, हिरवी भिंत, हातांची ऐसपैस खुर्ची, तिच्यावर पेटती मेणबत्ती आणि दोन कादंबऱ्या. एकाची दिवसाची, कष्टकऱ्याची, पाईपवाली खुर्ची आणि दुसऱ्याची रात्रीची, पुस्तकवाली. जोडीनं बघितल्या तर या दोन माणसांच्या स्वभावांच्या ओळखी आहेत. लंडनची एकटी बघितली तर मर्तिकाची.

मर्तिकाची छटा अगदीच उपरी आहे, असंही नाही. ९ जून १८७० ला चार्ल्स डिकन्स वारला. त्याच्या शेवटच्या कादंबरीची चित्रं काढणाऱ्या ल्यूक फिल्ड्सनं केंटमधल्या त्याच्या घरी जाऊन अभ्यासिकेचं चित्र काढलं. मेज आणि मागे सरकवलेली रिकामी खुर्ची. ‘द ग्राफिक’ साप्ताहिकात ते छापून आलं आणि घरोघरी लागलं. १८७३ ते १८७५ या काळात व्हॅन गॉग लंडनमध्ये एका चित्रविक्रेत्याकडे नोकरीला होता. इंग्रजी साप्ताहिकांतल्या कोरीव चित्रांचा तो पुढे मोठा संग्राहक झाला आणि फिल्ड्सची ही खुर्ची त्याच्या मनात घर करून होती. या खुर्चीवरून नुकतं कोण उठून गेलं, हा प्रश्न तो लंडनच्या चित्रांतून शिकला म्हणायला हरकत नाही. माझा सल्ला एवढाच की आधी खुर्ची बघावी, मग पाटी वाचावी. उलट क्रमानं गेलं की पिवळ्या रंगाचा उल्हास दिसतच नाही, आणि तो तिथे भरपूर आहे.

काळही असाच एक शेजारी. सेड्रिक मॉरिसनं १९४४ मध्ये ‘अंडी’ नावाचं एक चित्र काढलं, ते टेट संग्रहालयात आहे. आज बघताना वाटतं, छान, नाश्त्याची तयारी. पण त्या वर्षी ब्रिटनमध्ये माणशी आठवड्याला एक अंडं मिळायचं, तेही दुकानात आलं असेल तर. एरवी डब्यातली अंड्याची पूड. १९४० मध्ये सुरू झालेलं अन्नधान्याचं रेशनिंग तिथे १९५४ पर्यंत चाललं. आपल्याकडे रेशनच्या रांगेत रॉकेलचा डबा घेऊन उभं राहिलेली पिढी अजून आहे. तिला समजेल की अशा दिवसांत एकत्र मांडलेली अंडी बघून नुसती भूक लागत नाही, मोजदादही सुरू होते.

युद्ध संपल्यावर विल्यम स्कॉट हेच सामान घेऊन बसला. जन्म स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकचा, वाढला उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलनमध्ये. बाप पाट्या रंगवणारा. गावातल्या आगीत लोकांना वाचवायला गेला आणि त्यातच मेला, तेव्हा विल्यम चौदा वर्षांचा होता. स्कॉटची चित्रं म्हणजे लांब दांड्याचा काळा तवा, पातेली, अंडी, पेअर, बांगडे. होय, बांगडेच. अटलांटिकमधली जात वेगळी, पण घराणं आपल्या मालवणी बांगड्याचंच. त्याचं टेबल इतकं उघडं असतं की तव्याचा दांडा हीच त्यावरची मुख्य घटना. पुढे पुढे त्यानं भांड्यांचे काठ पुसट केले, टेबलाची कड काढून टाकली. शेवटी उरले दोन गडद आकार आणि त्यांच्यातली जागा, आणि ती जागा किती ठेवायची याचाच तो विचार करत राहिला. अमूर्त चित्रं कळत नाहीत म्हणणाऱ्यांनी स्कॉटची चित्रं वर्षांच्या क्रमानं बघावीत. तव्यापासून निघालेला माणूस कुठेही उडी न मारता अमूर्तापर्यंत चालत गेलेला दिसतो.

शेजारानं अर्थ कसा घडतो हे प्रत्यक्ष हातात घेऊन बघायचं तर केंब्रिजला जावं. टेटमध्ये काम केलेले जिम ईड १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या जुन्या घरांत राहायला आले, चित्रं आणि गोटे जमवत राहिले आणि १९६६ मध्ये त्यांनी सगळं विद्यापीठाला देऊन टाकलं. ‘केटल्स यार्ड’ या घरात एका कथिलाच्या थाळीत एक लिंबू ठेवलेलं असतं. जवळच्या भिंतीवर होआन मीरोचं १९२७ सालचं चित्र आहे, त्यात एक छोटा पिवळा ठिपका. ईडनी लिंबू ठेवलं ते त्या ठिपक्यासाठी. लिंबू उचललं तर ठिपका चित्रात विरून जातो, परत ठेवलं की खोलीभर त्याचा पिवळा घुमतो. लिंबू सुकलं की नवं आणतात. स्थिरचित्राचं याहून सोपं प्रात्यक्षिक मला माहीत नाही, आणि त्यात कुंचल्याचा एक फटकाराही नाही.

लंडनमध्ये बसून वस्तूंचा शेजार सर्वांत उद्धटपणे बदलणारा चित्रकार मात्र आपल्याकडचा. फ्रान्सिस न्यूटन सूझाचा जन्म १९२४ चा, गोव्यात साळगावचा. मुंबईच्या त्याच जीजीभाई कलाशाळेतून, जे. जे.मधून, त्याला काढून टाकलं, १९४७ मध्ये त्यानं साथीदारांबरोबर प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला आणि १९४९ मध्ये तो लंडनला गेला. तिथली पहिली वर्षं हलाखीची. १९५५ मध्ये गॅलरी वनमधलं प्रदर्शन गाजलं आणि दिवस पालटले. त्या काळातल्या त्याच्या स्थिरचित्रांत मिस्सेतला चषक, मेणबत्त्यांची स्टँडं, पवित्र प्रसादाची पात्रं, बाटल्या आणि मासे एकाच टेबलावर येतात. जाड काळी रेषा, काटेरी कडा, त्याच्या माणसांच्या चेहऱ्यांना असतात तशाच. साळगावच्या चर्चमध्ये लहानपणी दुरून, गुडघे टेकून बघितलेली भांडी इथे लंडनच्या खोलीत, जेवणाच्या सामानाशेजारी उभी केलीत. ही निंदा आहे की भक्ती, यावर समीक्षक दोन्ही बाजूंनी बोलतात. मला वाटतं, तो प्रश्न चषकाकडे बघून सुटणार नाही, बाटलीकडे बघावं. ती चषकाइतक्याच ताठपणे, तितक्याच जाड रेषेत उभी आहे. सूझानं चषक खाली उतरवलेला नाही, बाटलीला वेदीवर चढवलंय.

चित्रकार प्रभाकर बरवे नेमकं उलटं करतात. घड्याळ, पान, पिन, पाकीट अशा वस्तू टेबल-भिंतीपासून सोडवून ते कॅनव्हासच्या मोकळ्या पसाऱ्यात तरंगत ठेवतात, आणि ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात त्या मोकळ्या जागेचाच विचार करतात. त्यांच्या वस्तू कुणाच्याच नसतात, म्हणून त्या बघताना मन निवांत होतं. सूझापुढे तसं होत नाही. व्हॅन गॉगच्या खुर्चीवरून कुणीतरी उठून गेलेलं असतं. सूझाच्या टेबलापाशी मात्र कुणीतरी यायचं बाकी आहे असं वाटतं, आणि येणारा पाहुणा जेवायला येतोय की कबुलीजबाब घ्यायला, ते ती काळी भांडी सांगत नाहीत.